उस्ताद अल्लादिया खाँ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेतही उर्दूतूनच शिकता. मराठी ही तुमची दुसरी भाषा. तरीही काही मराठी शब्द असे आहेत, की ते शिकण्यासाठी तुम्हांला पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. उस्ताद, शागीर्द, रियाज, तालीम, ख्याल, बंदिश हे शब्द तुम्ही जसे बोलता, तसेच मराठी गवईही बोलतात. तुमची 'महफिल' मराठीत येऊन 'मैफल' झाली. तुमचा 'घराना' मराठीत 'घराणे' झाला. संगीतातील हे शब्द मराठी घरांत इतके कसे रुळले? ते नुसते पुस्तकांतून आले नाहीत, तर माणसांबरोबर आले. उत्तरेकडील मोठमोठे गवई महाराष्ट्रात आले, येथे राहिले आणि येथल्या माणसांना त्यांनी गाणे शिकवले. अशा थोर गवयांपैकी एकाची ही जीवनकथा आहे. त्यांचे नाव उस्ताद अल्लादिया खाँ.

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा या गावी झाला. उनियारा हे त्या काळी जयपूर राज्यातील एक छोटे संस्थान होते. आज ते टोंक जिल्ह्यात आहे. त्यांचे मूळ नाव गुलाम अहमद. पण सारे जग त्यांना अल्लादिया म्हणूनच ओळखते. अल्लाने दिलेला तो अल्लादिया. या नावाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे चालत आले होते. वडील ख्वाजा अहमद खाँ हे दरबारी गवई होते. या घराण्याची एक आठवण मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपले पूर्वज मूळचे हिंदू ब्राह्मण होते, स्वामी हरिदासांच्या परंपरेशी आपले नाते आहे आणि पुढे आपल्या पूर्वजांनी इस्लाम धर्म स्वीकारला, असे या कुटुंबातील लोक अभिमानाने सांगत आले. धर्म बदलला, गावे बदलली, राजे बदलले. पण घरातील गाणे मात्र सुटले नाही.

अल्लादिया लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. तेव्हा चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतले. जहांगीर खाँ जयपूरला राहत. त्यांनी पुतण्याला आधी धृपद शिकवले आणि नंतर ख्याल शिकवला. धृपद ही गाण्याची जुनी, गंभीर रीत. तीत स्वर आणि ताल यांचा पाया पक्का होतो. ख्याल ही त्यानंतरची रीत. तीत गवयाला आपल्या कल्पनेने राग फुलवायला अधिक वाव मिळतो.

मुलांनो, त्या काळी गाणे शिकणे म्हणजे काय होते, ते समजून घ्या. तेव्हा आजच्यासारखे संगीताचे वर्ग नव्हते. ध्वनिमुद्रण नव्हते. छापील पुस्तकांवर कोणी गाणे शिकत नसे. गुरू समोर बसून गात आणि शिष्य ऐकून तसेच म्हणत. एकच स्वरसमूह शंभर वेळा, दोनशे वेळा म्हणायचा. तो गळ्यात पक्का बसला, तरच पुढचा मिळायचा. पहाटे उठून रियाज, दुपारी रियाज, रात्री पुन्हा रियाज. अशी एक दोन नव्हे, पुष्कळ वर्षे जात. या काळात शिष्याच्या स्मरणात शेकडो बंदिशी साठत. आपल्याकडे हाफिज जसे संपूर्ण कुराणशरीफ मुखोद्‌गत करतात, त्यावरून माणसाच्या स्मरणशक्तीची ताकद किती असते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. जुन्या गवयांचे सारे ग्रंथालय असे त्यांच्या स्मरणातच असे.

एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या गवई सहजासहजी बाहेरच्यांना देत नसत. याला कारणही होते. ही विद्या हीच त्यांची शेती आणि हीच त्यांची जहागीर. राजाच्या दरबारी नोकरी मिळायची ती तिच्या बळावर. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर आपल्या मुलांनी खायचे काय, अशी भीती त्यांना वाटे. म्हणून खास राग आणि खास बंदिशी घरातल्या घरात जपल्या जात. बाप मुलाला देई, चुलता पुतण्याला देई. अल्लादिया खाँ यांनाही विद्या मिळाली ती अशीच.

शिक्षण पूर्ण झाल्यावर तरुण अल्लादिया राजस्थानातील निरनिराळ्या दरबारांत गाऊ लागले. त्यांचा आवाज गोड, पल्लेदार होता. गळा कसाही फिरत असे. त्यांचे नाव होऊ लागले. आता सारे काही मनासारखे होणार, असे वाटत असतानाच त्यांच्यावर मोठे संकट कोसळले.

अमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात ते गवई म्हणून होते. तेथल्या राजाला गाण्याचे विलक्षण वेड. गाणे ऐकायला बसला, की गवयाच्या गळ्याला विश्रांती हवी असते, याचे त्याला भान राहत नसे. राजाची मर्जी सांभाळण्यासाठी अल्लादिया खाँ गात राहिले. गळ्यावर अतिशय ताण पडला आणि एक दिवस त्यांचा आवाज गेला. पूर्वीच्या गोड आवाजाच्या जागी घोगरा, बसका आवाज उरला.

विचार करा. सुताराचा हात मोडला तर? शिंप्याची दृष्टी गेली तर? गवयाचा आवाज जाणे तसेच आहे. लहानपणापासूनची मेहनत, घराण्याचे नाव, घरातल्या माणसांचे पोट, सारे त्या एका गळ्यावर अवलंबून होते. महिने गेले, वर्ष गेले. तरी आवाज सुधारेना. सुमारे दोन वर्षे अशी गेली. पुढे आवाज थोडाफार परत आला. पण तो पूर्वीचा आवाज नव्हता. ती गोडी आणि तो सहजपणा कायमचा गेला होता.

दुसरा एखादा गवई असता, तर त्याने गाणे सोडून दिले असते. अल्लादिया खाँ यांनी तसे केले नाही. आवाज गेला होता. पण विद्या गेली नव्हती. धृपदाचा पाया होता, तालाचे ज्ञान होते, शेकडो बंदिशी स्मरणात होत्या आणि बुद्धी तल्लख होती. आहे त्या आवाजाला काय साधेल, याचा त्यांनी विचार सुरू केला. केवळ आवाजाच्या गोडव्याने मैफल जिंकणे आता शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी गाण्याची मांडणीच नव्याने केली.

ही नवी मांडणी कशी होती, ते सोप्या शब्दांत पाहू. गाण्यात तालाचे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत असते. आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे 'सम'. गवई कितीही दूर फिरून आला, तरी त्याला समेवर बरोबर पोचावे लागते. अल्लादिया खाँ प्रत्येक स्वर तालाच्या मात्रांशी घट्ट बांधून गात. 'आ'काराचा उच्चार स्वच्छ ठेवत. एका स्वरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी न तोडता पुढे नेत. त्यांच्या ताना सरळ जात नसत. त्या वळणे घेत, गुंतत आणि आता हा समेवर कसा येणार, अशी ऐकणाऱ्याला चिंता वाटत असतानाच अचूक समेवर येत. शिवाय ते पुष्कळ अनवट राग गात. अनवट म्हणजे फार कोणी गात नाही असा. दोन राग एकत्र गुंफून तयार झालेले जोडरागही त्यांना फार प्रिय होते. बसंती केदार, संपूर्ण मालकंस यांसारखे राग आजही त्यांच्या परंपरेतील गायकांची खूण मानले जातात.

अशा रीतीने एका मोडलेल्या आवाजातून गाण्याची एक नवी वाट निघाली. पुढे तिला 'जयपूर-अत्रौली घराणे' असे नाव मिळाले. जयपूर हे राजस्थानातील शहर आणि अत्रौली हे उत्तर प्रदेशातील अलीगढ जिल्ह्यातील गाव. या दोन्ही ठिकाणांशी या कुटुंबाचे जुने संबंध होते. पण गंमत पाहा. नावात जयपूर आहे, अत्रौली आहे, तरी हे घराणे वाढले ते आपल्या महाराष्ट्रात!

ते कसे, हे आता ऐका. राजस्थान सोडल्यावर अल्लादिया खाँ गावोगावी, दरबारोदरबारी फिरले. इ. स. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापूरला आले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. शाहू महाराजांचे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. मागासलेल्या जातींच्या मुलांना शिक्षण मिळावे, म्हणून त्यांनी वसतिगृहे काढली. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मुसलमान मुलांच्या शिक्षणाचीही त्यांनी सोय केली. या राजाला कुस्तीची आवड होती, तशीच गाण्याचीही कदर होती. त्यांनी अल्लादिया खाँ यांना दरबारी गवई म्हणून ठेवून घेतले. तेव्हा खाँसाहेबांचे वय सुमारे चाळीस वर्षांचे होते. त्यानंतरची पंचवीसहून अधिक वर्षे कोल्हापूर हेच त्यांचे घर झाले.

तुम्हांला 'तालीम' हा शब्द ठाऊक आहे. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापुरात मात्र तालीम म्हटले, की आधी आठवतो तो कुस्तीचा आखाडा. तेथे लाल मातीत पहिलवान घाम गाळतात. खाँसाहेबांच्या घरीही तालीम चाले. पण ती सुरांची! दोन्ही तालमींचा नियम एकच. रोज आले पाहिजे, उस्तादाचे ऐकले पाहिजे आणि घाम गाळला पाहिजे.

कोल्हापुरात खाँसाहेब सर्वांचे झाले. दरबारात त्यांचे गाणे होई, तसेच तेथल्या महालक्ष्मीच्या मंदिरातही त्यांचे सूर घुमले. मराठी माणसे त्यांना आदराने खाँसाहेब म्हणत. त्यांच्या सहवासात आलेले गोविंदराव टेंबे हे स्वतः मोठे कलावंत होते. त्यांनी पुढे खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले.

याच काळात खाँसाहेबांपुढे एक मोठा प्रश्न उभा होता. आपली विद्या द्यायची कोणाला? घरात तीन मुलगे होते. थोरले नसिरुद्दीन, त्यांना बडेजी म्हणत. मधले बद्रुद्दीन, म्हणजेच मंजी खाँ. धाकटे शम्सुद्दीन, म्हणजेच भुर्जी खाँ. धाकटे बंधू हैदर खाँ हेही उत्तम गवई होते. जुन्या रीतीप्रमाणे विद्या एवढ्यांतच राहायला हवी होती. खाँसाहेबांनी मुलांना तर शिकवलेच. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. घराचे दार त्यांनी बाहेरच्यांसाठीही उघडले.

बाहेरून आलेल्या शिष्यांत भास्करबुवा बखले यांचे नाव फार मोठे आहे. भास्करबुवांचा जन्म १८६९ चा. ते बडोद्याकडचे. त्यांना गाण्याची अशी तहान, की एका गुरूवर त्यांचे समाधान होईना. ते फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकले, नत्थन खाँ यांच्याकडे शिकले. स्वतः नामवंत गवई झाल्यावरही ते पुन्हा शिष्य होऊन अल्लादिया खाँ यांच्यासमोर बसले. एक ब्राह्मण गायक तीन मुसलमान उस्तादांची सेवा करतो आणि ते उस्तादही त्याला मुलासारखे शिकवतात, हे त्या काळी घडले. भास्करबुवांनी १९११ मध्ये पुण्यात 'भारत गायन समाज' ही संस्था स्थापन केली. मराठी रंगभूमीवर ज्यांच्या गाण्याने लोक वेडे झाले, ते बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य. म्हणजे उनियाऱ्याच्या खाँसाहेबांच्या सुरांचा अंश नाटकाच्या पदांमधून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला.

यानंतरची गोष्ट आहे सांगलीची. इ. स. १९१९ मध्ये खाँसाहेब औषधोपचारांसाठी सांगलीला राहिले होते. ते रोज ज्या रस्त्याने जात, त्या रस्त्यावरील एका घरातून एका मुलीच्या रियाजाचा आवाज येई. ती मुलगी होती पंधरा वर्षांची मोगू. गोव्यातील कुर्डी हे तिचे गाव. आई लहानपणीच वारली होती. मुलीने मोठी गायिका व्हावे, ही त्या आईची इच्छा होती. मोगू नाटकमंडळीत काम करत होती. पुढे ते काम सुटले आणि पोरकी मुलगी परक्या गावी एकटीच रियाज करत राहिली. खाँसाहेबांनी तिचा आवाज ऐकला. एक दिवस ते आपणहून तिच्या घरी गेले, तिचे गाणे ऐकले आणि तिला शिकवू लागले. आपल्यासमोर बसलेला हा वृद्ध माणूस कोण, हेही तिला आधी ठाऊक नव्हते!

मुलांनो, या घटनेचे मोल ओळखा. तेव्हा खाँसाहेब चौसष्ट वर्षांचे होते. राजाचे गवई होते. ती मुलगी गरीब होती, परधर्माची होती, परगावची होती. शिवाय त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला समाजात मान नसे. खाँसाहेबांनी यांतले काहीही पाहिले नाही. त्यांनी पाहिला फक्त तिचा सूर आणि तिची जिद्द.

पुढे मोगूबाईंची तालीम अनेकदा खंडित झाली. खाँसाहेब सांगलीहून गेले. मोगूबाई मुंबईला आल्या. काही काळ त्या खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. अनेक अडचणी आल्या, तरी त्यांनी धीर सोडला नाही. शेवटी १९३४ मध्ये खाँसाहेबांनी त्यांचे गंडाबंधन केले. गंडाबंधन म्हणजे उस्तादाने शागीर्दाच्या मनगटावर धागा बांधून त्याचा रीतसर स्वीकार करणे. सांगलीतल्या त्या भेटीनंतर या धाग्यासाठी मोगूबाईंना पंधरा वर्षे वाट पाहावी लागली.

खाँसाहेबांच्या दुसऱ्या मोठ्या शिष्या म्हणजे केसरबाई केरकर. त्याही गोव्याच्याच. केरी हे त्यांचे गाव. जन्म १८९२ चा. लहान वयापासून त्या निरनिराळ्या गुरूंकडे शिकल्या होत्या. पण त्यांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले होते. १९२१ मध्ये त्या खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. खाँसाहेबांनी त्यांना जणू पहिल्यापासून शिकवले. आधीचे गाणे बाजूला ठेवून रोज कित्येक तास एकेक स्वर घोटावा लागे. केसरबाईंनी ते सारे सोसले. खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत त्यांचे हे शिकणे चालू होते. पुढे त्या देशातील अग्रगण्य गायिका मानल्या गेल्या.

इ. स. १९२२ हे वर्ष खाँसाहेबांसाठी फार दुःखाचे ठरले. एप्रिल महिन्यात त्यांचे लाडके शिष्य भास्करबुवा बखले मरण पावले. त्यांचे वय अवघे बावन्न-त्रेपन्न वर्षांचे होते. त्यानंतर एक महिनाही झाला नाही, तोच ६ मे रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. शिष्य गेला आणि आश्रयदाताही गेला. खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि ते मुंबईला राहू लागले. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी नव्या शहरात पुन्हा घर मांडले. तेथेही त्यांचे शिकवणे थांबले नाही.

पण आणखी एक घाव बसायचा होता. मधला मुलगा मंजी खाँ याच्यावर त्यांची मोठी आशा होती. मंजी खाँचे गाणे लोकांना फार आवडे. त्याचा आवाज गोड होता आणि बुद्धी बापासारखी होती. १९३७ मध्ये मंजी खाँचा अकाली मृत्यू झाला. तेव्हा खाँसाहेब एक्क्याऐंशी वर्षांचे होते. ज्याच्या हाती आपली विद्या सोपवायची, तोच बापाच्या आधी गेला.

येथे एक क्षण थांबा आणि विचार करा. खाँसाहेबांनी जुन्या रीतीप्रमाणे आपली विद्या फक्त घरातच ठेवली असती, तर काय झाले असते? एका मृत्यूने तिचा मोठा भाग नाहीसा झाला असता. तसे झाले नाही, कारण ती विद्या तोपर्यंत अनेक गळ्यांत पोचली होती. मंजी खाँ यांच्याकडे धारवाडजवळच्या मन्सूर गावचा एक तरुण शिकत होता. त्याचे नाव मल्लिकार्जुन मन्सूर. गुरू गेल्यावर तो पोरका झाला. तेव्हा मंजी खाँचे धाकटे बंधू भुर्जी खाँ यांनी त्याला जवळ केले आणि भावाचे अर्धे राहिलेले काम पूर्ण केले. हेच मल्लिकार्जुन मन्सूर पुढे भारतातील थोर गायक झाले. १९९२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुत्र राजशेखर मन्सूर यांनीही ही गायकी पुढे चालवली.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खाँसाहेबांनी आणखी एक मोलाचे काम केले. त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितल्या. नातवाने त्या लिहून घेतल्या. त्या कोणत्या भाषेत लिहिल्या असतील? तुमच्या उर्दूत! अझीझुद्दीन हे भुर्जी खाँ यांचे पुत्र. त्यांनी ही वही जपून ठेवली आणि पुढे २००० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आज खाँसाहेबांच्या बालपणाविषयी आणि जुन्या गवयांविषयी आपल्याला जे कळते, त्यातील पुष्कळसे या आठवणींमुळेच कळते. आजोबा सांगत आहेत आणि नातू लिहून घेत आहे, एवढ्या साध्या गोष्टीतून इतिहास वाचला.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत उस्ताद अल्लादिया खाँ यांचे निधन झाले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. कोल्हापूरकरांनी त्यांचा पुतळा उभारून त्यांची आठवण जपली आहे.

आता एक आश्चर्याची गोष्ट सांगतो. ज्यांना एवढे मोठे गवई मानले जाते, त्या अल्लादिया खाँ यांचे गाणे आज कोणालाही ऐकता येत नाही. त्यांच्या काळात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या; पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. मग ते मोठे होते, हे आपल्याला कशावरून कळते? शिष्यांवरून! झाड दिसत नसले, तरी फळांवरून त्याची ओळख पटते.

ही फळे किती दूरवर गेली, ते पाहा. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन अंतराळयाने सोडली. त्या प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली आहे. पृथ्वीवरील निवडक आवाज आणि संगीत तिच्यावर कोरलेले आहे. त्या संगीतात भारतातून निवडले गेले ते केसरबाई केरकर यांनी गायलेल्या भैरवीचे सूर. दुसरे यान सुटल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. ती याने अजूनही पुढे पुढे जात आहेत. त्यांतील एकाने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमाही ओलांडली. आवाज गमावलेल्या एका गवयाने शिकवलेले सूर असे ताऱ्यांच्या वाटेला लागले आहेत.

मोगूबाईंची कथाही तशीच उजळ आहे. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांनी आपली मुलगी किशोरी हिला कडक शिस्तीत शिकवले. किशोरी आमोणकर यांनी आईकडून घेतलेल्या गाण्यात स्वतःच्या विचारांची भर घातली. काही जणांना ते रुचले नाही. घराण्याची शिस्त मोडली, असे त्यांना वाटले. पण खाँसाहेबांनी तरी काय केले होते? चुलत्याकडून घेतलेले गाणे त्यांनी जसेच्या तसे ठेवले नव्हते. आपल्या बदललेल्या आवाजाप्रमाणे त्यांनी ते नव्याने घडवले होते. विद्या अशीच जगते. मागची पिढी देते, पुढची पिढी ती नीट शिकते आणि मगच तिच्यात आपली भर घालते. मोगूबाई २००१ मध्ये आणि किशोरीताई २०१७ मध्ये निवर्तल्या. त्यांचे शिष्य आज शिकवत आहेत आणि गात आहेत.

आपले बपेरा गाव तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. कोल्हापूर महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तरी ही कथा आपल्याला परकी नाही. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार रंगते. दंडारीतील गाणी मुले कोठे शिकतात? थोरांच्या मागे उभे राहून, ऐकून ऐकून. आपल्या घरी दादी-नानी लग्नात जी गीते म्हणतात, तीही अशीच कानांनी शिकलेली असतात. कोणी ऐकणारा नसेल, तर ती त्यांच्याबरोबरच संपतील.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात एखादी विद्या असेल, मग ती गाण्याची असो, शिवणकामाची असो, औषधी झाडपाल्याची असो किंवा सुंदर अक्षर काढण्याची असो, ती आजच शिकून घ्या. जाणत्या माणसांजवळ बसा. त्यांना प्रश्न विचारा. अझीझुद्दीन यांच्यासारखी एखादी वही करा आणि ऐकलेले तीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. आणि जे तुम्हांला येते, ते दुसऱ्याला शिकवताना तो कोणाचा कोण, हे विचारू नका. पैसा दिला की कमी होतो. विद्या दिली की वाढते. उस्ताद अल्लादिया खाँ यांनी ती दिली, म्हणूनच ती आजही आपल्या कानांवर पडते आहे.

स्वाध्याय

१. अल्लादिया खाँ यांना गाण्याची तालीम कोणी दिली? त्यांनी आधी काय शिकवले आणि नंतर काय शिकवले?
२. जुन्या काळी गवई आपली विद्या बाहेरच्यांना का देत नसत?
३. आवाज बिघडल्यावर खाँसाहेबांनी आपल्या गाण्यात कोणते बदल केले?
४. सांगलीच्या प्रसंगावरून खाँसाहेबांच्या स्वभावाविषयी काय कळते? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. कारण सांगा : मंजी खाँ यांच्या मृत्यूनंतरही घराण्याची विद्या टिकून राहिली.
६. पुढील शब्द वाक्यांत वापरा : रियाज, शागीर्द, मैफल, अनवट, मुखोद्‌गत.
७. 'तालीम' या शब्दाचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा. दोन्ही भाषांत आढळणारे असे आणखी पाच शब्द शोधा.
८. उपक्रम : तुमच्या आजी-आजोबांना येत असलेले एखादे काम किंवा गीत त्यांच्याजवळ बसून शिका. ते कोणी कोणाला शिकवले, याची साखळी वहीत लिहा.